रिपोर्टवरचा स्टार

कंपनीच्या पॅकेजमध्ये आता घरच्यांचंही चेकअप बसतं, त्यामुळे आमच्या ऑफिसात सध्या पोरांच्या ब्लड रिपोर्टची चलती आहे. मी एकेकाळी बायोकेमिस्ट्री शिकलेय, हे अख्ख्या फ्लोअरला ठाऊक. मग काय, लंच टाइमला डब्याआधी माझ्यापुढे मोबाइल उघडतात! आणि हमखास स्टार मारलेला असतो अल्कलाइन फॉस्फेटेज. मुलगा १३ वर्षांचा, आकडा ३५० आणि रिपोर्टवरची मर्यादा सव्वाशेच्या आसपास. आईबाबांनी रात्री नेटवर ‘लिव्हर’ हा शब्द वाचलेला. झोप खल्लास.

अहो, तो उंच होतोय! हाडं बांधणाऱ्या पेशीही हे एन्झाइम बनवतात. वाढीच्या वयात ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट निघणं अगदी नॉर्मल. मुलींचा आकडा मुलांच्या आधी उतरतो, कारण त्यांची उंची आधी थांबते. तरी लिव्हरची शंका असेलच तर जीजीटी बघायचा. तो हाडांतून येत नाही. तो नॉर्मल असेल तर संशयाची सुई बहुतेक हाडांकडेच वळते.

फंडा हाच आहे. हे आकडे जोडीनं वाचायचे. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, पण अंगात ताप किंवा सूज असली की तो उगाच फुगतो. म्हणून सोबत सीआरपी हवा. हिमोग्लोबिन साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलामुलींचं सारखंच, पुढे टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचं चढतं.

टोरांटोच्या सिककिड्स हॉस्पिटलातल्या ‘कॅलिपर’ प्रकल्पानं हजारो निरोगी मुलांचं रक्त तपासून वयाप्रमाणे मर्यादा काढल्या. आपल्याकडे २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातली आठ हजारांवर निरोगी मुलं निवडून संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की आपल्या मुलांसाठी हिमोग्लोबिनची रेषा डब्ल्यूएचओच्या तेव्हाच्या रेषेपेक्षा बहुतेक वयांत १ ते २ ग्रॅमनी खाली येते. म्हणजे ‘ॲनिमिक’ कुणाला म्हणायचं, इथपासूनच प्रश्न!

मला मात्र खरी धास्ती वाटते ती स्टार नसलेल्या आकड्याची. समजा पाच वर्षांच्या मुलीचं क्रिएटिनिन ०.९ आलं. मोठ्यांच्या मर्यादेत एकदम फिट, घरी सगळे खूश. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि एवढ्याशा जिवाचे स्नायू ते केवढे? तिचं ०.३ ते ०.५ च्या घरात हवं. श्वार्ट्झ यांच्या २००९ च्या सूत्रात घालून बघा: उंची ११० सेंटिमीटर, गुणिले ०.४१३, भागिले ०.९. उत्तर येतं जेमतेम ५०. हवं ९० च्या वर. म्हणजे किडन्या निम्म्याच ताकदीनं चालल्यात, आणि कागदावर एकही स्टार नाही!

तेव्हा छापलेली मर्यादा कोणत्या वयाची, हे लॅबला बिनधास्त विचारा. आणि डॉक्टरांकडे जाताना पोराची उंची मोजून न्या. लॅबच्या फॉर्मवर उंचीचा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही.