बी.एड्.चे कॉलेज आणि शेवटचा बाक

बी.एड्.ची सामाईक प्रवेश परीक्षा उरकून गुणपत्रक हाती आले, की उमेदवारासमोर महाविद्यालयांची लांबलचक यादी येते व तीतून पसंतीक्रम भरावयाचा असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या व्यवसायाचा पाया जेथे घातला जावयाचा, त्या संस्थेची निवड बहुतेक घरांत एका संध्याकाळी होऊन जाते. एस.टी. स्थानकापासून अंतर किती, शुल्क किती, वसतिगृह आहे काय, असे प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तच आहेत. परंतु त्यांच्या मागोमाग, आवाज जरासा खाली आणून, आणखी एक प्रश्न येतो. "रोज जावे लागते का?"

उत्तर 'नाही' असे मिळाले की ते कॉलेज पसंतीक्रमात वर चढते. 'नॉन-अटेंडिंग' हा शब्द खेडोपाडी रुळला, यातच काय ते आले. वास्तविक, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. तासांना ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला ९० टक्के उपस्थितीची अट घातली. काही ठिकाणी या सुधारणेचे फळ एवढेच, की एक वर्षाची गैरहजेरी दोन वर्षांची झाली. आता २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता करावयाची, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. त्याच धोरणाने न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालाचा हवाला देऊन, देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षणसंस्थांपैकी बहुसंख्य संस्था केवळ पदव्या विकतात, असेही नमूद केले आहे. हा आयोग सर्वोच्च न्यायालयाला नेमावा लागला तो महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या प्रकरणातून, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

विकणारा आहे तेथे विकत घेणाराही असतोच. मात्र त्याला एकदम गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणारी शिक्षिका किंवा वडिलांच्या पश्चात घर चालविणारा कारकून दोन वर्षे रोजगार सोडून कसा राहणार? पदवीनंतरचा रस्ताही सरळ नाही. शिक्षक भरतीसाठीची राज्याची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी होण्यास २०२३ उजाडले. निवड झाली तरी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाची वर्षे आहेतच. माध्यमिक शाळेसाठी हे मानधन २०२३ पासून १८,००० रुपये झाले. एवढ्यासाठी रोज वर्गात बसून काय मिळवावयाचे, असा हिशेब कोणी मांडला तर तो समजण्यासारखा आहे. पण हिशेब चुकतो.

चुकतो तो असा. बी.एड्.मधील पुस्तकी भाग घरी वाचता येतो. अनेक हुशार उमेदवार तो वाचतातही. घरी करता येत नाही तो पाठ. प्रथम सूक्ष्म अध्यापन होते. पाच-सहा मिनिटांचे अध्यापन, समोर आठवीचे विद्यार्थी झालेले, मिशा फुटलेले सहाध्यायी. हा प्रकार थोडा नाटकीच; तरी आवाज आणि फळा यांची भीती त्याने मोडते. खरी कसोटी सराव शाळेत लागते. तेथे एखादी मुलगी उठून विचारते, की ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले तर उत्तर धन कसे येते? पाठ टाचणात याचे उत्तर लिहिलेले नसते. छात्राध्यापक गडबडतो, 'तो नियमच आहे' म्हणून पुढे जातो. शेवटच्या बाकावर बसलेले अध्यापकाचार्य हे टिपून ठेवतात. तास संपल्यावर ते त्याला व्हरांड्यात थांबवून सांगतात, की तुम्ही सात प्रश्न विचारलेत, पैकी पाच पहिल्याच बाकाला विचारलेत, आणि ज्या एका मुलीने तुम्हाला प्रश्न विचारला तिला तुम्ही खाली बसविलेत. या वीस मिनिटांसाठी बी.एड्. करावयाचे असते. जेथे शेवटचा बाक रिकामा असतो तेथे टाचणवहीत 'पाठ चांगला, फलकलेखन सुधारावे' असा शेरा आणि सही सापडते. वर्षभराच्या सह्या कित्येकदा एकाच शाईतल्या असतात.

म्हणून कॉलेज पारखावयाचे तर त्या बाकावरून पारखावे. नॅकची श्रेणी जरूर पाहावी, इमारतही पाहावी. पण त्याआधी मागील वर्षीच्या दोन-तीन छात्राध्यापकांच्या टाचणवह्या मागून घ्याव्यात आणि शेरे वाचावेत. गणिताचा पाठ गणिताची अध्यापन पद्धती शिकविणाऱ्यानेच पाहिला, की इतिहासाच्या प्राध्यापकांनी, हे विचारावे. आशययुक्त अध्यापन हे नाव अभ्यासपत्रिकेवर कितीही झळकले, तरी आशयच न जाणणारा निरीक्षक त्यातली चूक पकडणार कशी? प्रत्येकी पन्नासांच्या दोन तुकड्या असतील, तर दोन्ही वर्षांच्या मिळून दोनशे छात्रांमागे सोळा पूर्णवेळ अध्यापक असावेत, असे २०१४ ची नियमावली सांगते. फलकावरची नावे मोजून झाल्यावर माणसेही मोजावीत.

सराव शाळांविषयी तर अधिकच चौकसपणा हवा. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कार्यकर्त्या घडविल्या त्या आदिवासी मुलांच्या सहवासात. समोर मूल नसताना बालशिक्षण शिकविता येईल, असे त्यांना वाटले नसते. आज पुष्कळ शाळांना आंतरवासितेचे छात्र म्हणजे रजेवरील शिक्षकांचे तास भागविण्याची फुकट सोय वाटते. मुख्याध्यापक खूश, कॉलेज खूश, आणि छात्राच्या पाठाकडे कोणीच पाहत नाही. ज्या कॉलेजचे अध्यापक या काळात शाळेत फिरकतात त्याचे नाव त्या शाळेच्या शिपायालाही ठाऊक असते. त्याला विचारण्यात कमीपणा नाही.

राहिला प्रश्न ज्यांना रोज जाणे खरोखरच अशक्य आहे त्यांचा. नोकरीतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी दूरशिक्षणाचा मार्ग २०१४ च्याच नियमावलीने ठेवला. इतर बहुतेकांना तो नाही. त्यांनी शिष्यवृत्तीची चौकशी करावी, गावातल्या कॉलेजची वेळ पाहावी, प्रसंगी प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा. हा सल्ला कडू आहे आणि ज्याच्या घरी पोट हातावर आहे त्याला तो देणे सोपे नाही. परंतु न शिकता घेतलेल्या पदवीचे पैसे उमेदवार एकदाच भरतो. ऋण-धनाचा प्रश्न विचारून खाली बसविलेली आठवीतील मुलगी ते पुढे कित्येक वर्षे भरीत राहते, आणि तिला पसंतीक्रम कोणी विचारलेला नसतो.