यादी ॲपची, जबाबदारी आपली

टुडूइस्टसारख्या ॲपमध्ये एका प्लॉटच्या कामांची यादी टेम्प्लेट म्हणून ठेवता येते. पुढच्या प्लॉटला तीच फाइल टाकली की झालं. सोय चांगलीच आहे. पण आमचं मत, डोळे झाकून वापरू नका. ‘इतक्या दिवसांनी’ अशा तारखा फाइल टाकल्याच्या दिवसापासून मोजल्या जातात, छाटणीपासून नाही. ५ ऑक्टोबरला छाटलेल्या बागेची यादी १० तारखेला टाकलीत, तर डिपिंग, विरळणी, शेवटची फवारणी सगळंच ५ दिवस पुढं जातं. काढणीआधीचे दिवस कमी पडले की निर्यातीचा माल रेसिड्यूत अडकतो.
यादी छाटणीच्याच दिवशी, प्रत्येक प्लॉटची वेगळी टाका. पाऊस आला तर तारीख स्वतः बदला. बागेत फेरी मारल्याशिवाय टिक करू नका.