पावडरीच्या डब्याआधी घरची कोठी उघडा

सेलू आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. डब्याचे पैसे ज्यांच्याकडे मागितले जातात त्या आईबाबांनीही वाचावं. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे रस्त्यानं पळणं सुरू होतं, संध्याकाळी जिम. थोड्याच दिवसांत कुणीतरी कानात सांगतो, पावडर घेतल्याशिवाय बॉडी बनत नाही. मग दोन-अडीच हजारांचा डबा घरात येतो, कधी उधारीवर. त्याच घरात सोयाबीनची पोती भाव चढायची वाट पाहत पडलेली असतात. तूर असते, बोर धरणाच्या पाण्यावर झालेला हरभरा असतो.

डब्यात काय असतं ते आधी पाहू. दूध फाडून पनीर किंवा चीज केल्यावर जे पाणी उरतं, ते गाळून, वाळवून व्हे पावडर होते. चांगल्या पावडरीच्या एका स्कूपमधून २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि ती लवकर पचतात. यात खोटं काही नाही. पण प्रथिनं वरणातली असोत की डब्यातली, पोटात त्यांचे तुकडे होतात आणि रक्तात जातात ती अमिनो आम्लंच.

साध्या माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आयसीएमआर सांगते. वजनं उचलून स्नायू वाढवणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग होतो, त्याहून जास्त खाऊन फारसा फरक पडत नाही. म्हणजे ६० किलोच्या मुलाला फार तर ९६ ग्रॅम. आता घरचा हिशेब करा. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, वीस ग्रॅम. दोन वेळचं तुरीचं घट्ट वरण, तेरा. मूठ-दीड मूठ फुटाणे, दहा. तेवढ्यापेक्षा थोडे कमी शेंगदाणे, सात. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, सोळा. दोन अंडी, बारा-तेरा. तीस ग्रॅम सोयावड्यांची भाजी, पंधरा. झाले नव्वदच्या वर. अंडी चालत नसतील तर त्या दिवशी झुणका किंवा गोळाभात करा, हरभऱ्याची डाळ बरीचशी भर काढते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत आहे, आणि डाळीत मेथिओनिन हे जे अमिनो आम्ल कमी पडतं ते ज्वारीत आहे. म्हणून वरण-भाकर सोबत खायची.

सोयाबीनबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपण ते पिकवतो आणि खात नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपये. बाजारात अनेकदा तेवढेही हातात पडत नाहीत. त्या एका किलोत साडेतीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात, चौदा स्कूपइतकी. अडीच हजारांच्या किलोभर डब्यातले चौदा स्कूप हजाराच्या वर जातात. शिवाय सगळ्या कडधान्यांत सोयाबीनची प्रथिनं दुधाच्या सर्वांत जवळची. आपण पोतं विकतो, कारखाना तेल काढतो, उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते, तेव्हा तिथल्या स्वयंपाकात सोयाबीन करून पाहिलं गेलं आणि त्यावर ‘हरिजन’ या त्यांच्या साप्ताहिकात लिहिलंही गेलं. तेव्हा आपल्या शिवारात हे पीक नव्हतं. आज आहे, तर ते ताटात यायला हवं.

मात्र सोयाबीन कच्चं खायचं नाही. त्यात पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनंच निघतात. रात्री भिजवा, पाणी फेकून द्या, कुकरमध्ये मऊ शिजवा आणि उसळ करा. पोळीसाठी वापरायचं तर पंधरा-वीस मिनिटं उकळून, कडक वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळून आणा. चवीत फरक कळत नाही. सुरुवातीला पोट फुगलं तर प्रमाण कमी ठेवून हळूहळू वाढवा.

डब्याची दुसरी बाजूही ऐका. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासून घेतल्या. सुमारे ७० टक्क्यांमध्ये प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, १४ टक्क्यांमध्ये अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. ते यकृताला घातक असतं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा, असा सल्ला दिला. जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या पुढे केल्या तर तिथून सरळ बाहेर पडा. पावडर कुणालाच लागत नाही असं नाही. आजारपणात जेवण जात नसेल तर डॉक्टर ती देतात. पण किडनीचा त्रास असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवूच नयेत.

आणि भरतीचं बोलायचं तर पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण ५०. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८००. दंडाच्या घेराला एकही गुण नाही. सोळाशे मीटर पळायला ताकद लागते ती भाकरी, भात, गूळ, केळी यांतून येते, आणि स्नायू वाढतो तो आठवड्यातून तीन-चार वेळा वजनं उचलून आणि रात्री सात-आठ तास झोपून. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहून सकाळी स्कूप घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

आईबाबांनो, पोरानं डबा मागितला तर त्याच्यावर खेकसू नका. त्याला भूक आहे, मोठं व्हायचं आहे. या हंगामात सगळं सोयाबीन विकू नका, घरापुरतं वीस किलो बाजूला काढून ठेवा. डब्याचे पैसे दूध, अंडी, शेंगदाणे यांत घाला, आणि पोरीच्या ताटातही तेवढंच वाढा.