ठराव कागदावर, पाणी तळ्यात

डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्रातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती यांच्या निवडणुका झाल्या. २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, गुलाल उधळला गेला आणि चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी केलेली असल्याने विजयी उमेदवारांच्या सत्कारांना जणू राज्याभिषेकाची कळा आली. प्रचारात कोणी चोवीस तास पाण्याचे वचन दिले होते, कोणी उद्योग आणण्याचे, तर कोणी शहराचा कायापालट करण्याचे. आता गुलाल धुतला गेला आहे. मतदारांनी या मंडळींच्या हाती नेमके काय सोपवले, हा प्रश्न शांतपणे विचारण्याची हीच वेळ आहे.

हा प्रश्न विचारण्यास आणखी एक कारण आहे. यांपैकी अनेक संस्थांची मुदत या निवडणुकीच्या कितीतरी आधी संपली होती. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, प्रभागरचना पुन्हा पुन्हा बदलली आणि काही वर्षे तेथे प्रशासकाचा कारभार चालला. मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक झाली पाहिजे, अशी राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदाची स्पष्ट आज्ञा असताना हे घडले. अखेर मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात नळाला पाणी येत होते, कर्मचाऱ्यांचे पगार होत होते आणि घंटागाड्याही फिरत होत्या. त्यामुळे सामान्य नागरिकाच्या मनात एक धोकादायक विचार डोकावून गेला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. नगरसेवक नसताना काही अडले नाही, मग ते हवेत तरी कशाला?

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी कायदा काय सांगतो ते पाहिले पाहिजे. छोट्या शहरांचा कारभार १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार चालतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते एक लाखाची ‘ब’ वर्गात आणि त्याहून लहान ‘क’ वर्गात मोडते. याच अधिनियमाच्या ४९व्या कलमात नगरपरिषदेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग बंधनकारक कर्तव्यांचा. रस्त्यांवरील दिवे, स्वच्छता, गटारे, पिण्याचे पाणी, आगीपासून संरक्षण, जन्ममृत्यूची नोंद, लसीकरण, स्मशानभूमी ही सारी कामे या भागात येतात. दुसरा भाग ऐच्छिक कामांचा. बागा, वाचनालये, सभागृहे, नाट्यगृहे आदी गोष्टी त्यात येतात. पहिल्या भागातील काम केलेच पाहिजे. दुसऱ्या भागातील काम ऐपत असेल तर करता येईल. गृहस्थाश्रमाचा साधा नियम कायद्याने नगराला लावला आहे. आधी घरात धान्य, मग दारावर तोरण.

प्रत्यक्षात अनेक शहरांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. वेशीवर भव्य स्वागत कमान उभी असते आणि तिच्याखालून टँकर जात असतो. चौकाचे सुशोभीकरण होते, कारंजे बसते, उद्घाटनाची कोनशिला लागते; परंतु वस्तीतील गटार उघडेच राहते आणि कचरा डेपोचा धूर शाळेच्या खिडकीतून आत येतो. याचे कारण उघड आहे. कमानीवर नाव कोरता येते, जमिनीखालच्या जलवाहिनीवर ते कोरता येत नाही. ज्या कामाला कोनशिला नाही त्या कामाला वाली नाही, अशी अवस्था झाली की नगरपरिषद ही जबाबदारी न राहता शोभेची वस्तू बनते.

दुसरा गैरसमज अधिकारांविषयीचा आहे. नगराध्यक्ष हा शहराचा राजा नव्हे. छोट्या शहराच्या कारभारात तीन खुर्च्या आहेत आणि तिन्हींची कामे वेगळी आहेत. निर्णय घेण्याचा अधिकार सभागृहाचा. सभेचे अध्यक्षस्थान भूषवणे, आर्थिक व प्रशासकीय कारभारावर लक्ष ठेवणे, कामांवर देखरेख करणे हे नगराध्यक्षाचे काम. आणीबाणीच्या प्रसंगी तो तातडीचे काम करून घेऊ शकतो. मात्र त्याचा जाब त्याला सभागृहापुढे द्यावा लागतो. ठरावाची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण, दैनंदिन प्रशासन ही मुख्याधिकाऱ्याची जबाबदारी, आणि मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो. या तिघांवर जिल्हाधिकाऱ्याची नजर असते. एखादा ठराव बेकायदेशीर अथवा लोकहिताला बाधक वाटला, तर ३०८व्या कलमानुसार तो त्याची अंमलबजावणी रोखू शकतो.

म्हणजे ज्याने मते मागितली त्याच्या हाती अंमल नाही आणि ज्याच्या हाती अंमल आहे त्याला मते मागावी लागत नाहीत. ही रचना सदोष वाटेल, पण तिच्यात शहाणपण आहे. लोकेच्छा आणि नियम यांनी एकमेकांचा हात धरून चालावे, अशी तिची अपेक्षा आहे. तिघांनी आपापली मर्यादा सांभाळली तर हा त्रिकोण भक्कम ठरतो. नगराध्यक्ष ठेकेदार निवडू लागला, मुख्याधिकारी राजकारण करू लागला आणि सभागृह केवळ हात वर करू लागले, की तोच त्रिकोण मोडतो.

या रचनेशी खेळ मात्र मुंबईत बसून झाला आहे. २००१मध्ये नगराध्यक्षाची थेट निवड झाली. पुढे ती पद्धत सोडण्यात आली. २०१६मध्ये ती परत आली, २०२०मध्ये रद्द झाली आणि २०२२मध्ये पुन्हा स्वीकारली गेली. थेट निवडीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नगरसेवकांची पळवापळवी आणि सहलींचे बीभत्स प्रकार तिने टळतात. विरोधातही सांगण्यासारखे आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असले, तर प्रत्येक सभा आखाडा होते आणि अंदाजपत्रक अडते. दोन्ही पद्धतींचे गुणदोष मांडता येतील. परंतु राज्यात सरकार बदलले की शहराच्या पहिल्या नागरिकाच्या निवडीची रीत बदलावी, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभणारे नाही. वीस-पंचवीस वर्षांत चार वेळा पाया उकरला, तर त्यावर इमारत उभी राहणार कशी?

अधिकारांच्या या चर्चेत पैशाचा विषय टाळता येत नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि नागरी संस्थांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या परिशिष्टात नगरनियोजनापासून गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेपर्यंत अठरा विषय नोंदवले गेले. पण विषयांची यादी देणे वेगळे आणि तिजोरीची किल्ली देणे वेगळे. १९९९मध्ये नगरपरिषद क्षेत्रांतील जकात रद्द झाली आणि हक्काच्या उत्पन्नाची जागा शासनाच्या अनुदानाने घेतली. जकातीचे दोष अनेक होते, ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तेव्हापासून छोट्या शहराचे डोळे मंत्रालयाकडे लागले. मागणाऱ्याचा आवाज कधीच मोठा नसतो.

तथापि, सारा दोष शासनावर टाकून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मालमत्ता कर हे नगरपरिषदेचे स्वतःचे साधन आहे. चतुर्थ वार्षिक फेरआकारणीची तरतूद कायद्यात आहे. पण मते जातील या भीतीने ती रखडवली जाते, आणि थकबाकीदारांत मोठी नावे असली की वसुलीची नोटीस कपाटात पडून राहते. गरिबाचा नळ तोडला जातो आणि गोदामवाल्याची थकबाकी पुढच्या वर्षी ओढली जाते. स्वायत्तता मागणाऱ्या संस्थेने आधी स्वतःच्या हक्काचा कर न्यायाने गोळा करण्याचे धैर्य दाखवले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. प्रशासक असताना पाणी येत होते, मग सभागृह कशाला? या प्रश्नाचे उत्तर महाडच्या इतिहासात आहे.

ऑगस्ट १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुल्या करण्याचा ठराव केला. महाड या छोट्याशा गावाच्या नगरपालिकेने १९२४मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव मंजूर केला. त्या काळाचा विचार करता हे धाडस लहान नव्हते. पण ठराव वहीत राहिला आणि तळ्याच्या पायऱ्यांवर जुनीच रूढी पहारा देत राहिली. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी बांधवांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. नगरपालिकेने कागदावर दिलेला हक्क समाजाने स्वतः पायऱ्या उतरून घेतला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे नगरपालिकेतील नेतृत्व त्यांच्या पाठीशी उभे राहिले, ही गोष्ट कृतज्ञतेने आठवावी अशी आहे.

पण त्यानंतर काय झाले? सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि ऑगस्ट १९२७मध्ये त्याच नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. स्वतःला सनातनी म्हणवणारी मंडळी न्यायालयात गेली. परंपरेने चालत आलेल्या रूढीचा दाखला त्यांनी दिला. दहा वर्षांनी, मार्च १९३७मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला आणि बाबासाहेबांचा पक्ष विजयी झाला. आपल्याच धर्मबांधवाला पाणी नाकारणारी रूढी हा धर्म नव्हे, हे समाजाला उमजण्यासाठी एवढा संघर्ष व्हावा लागला, ही हिंदू समाजाने अंतर्मुख होऊन आठवण्याची गोष्ट आहे.

महाडचा धडा दुहेरी आहे. पहिला असा की, पाणी कोणाचे हा प्रश्न प्रशासकाच्या फाइलमध्ये सुटत नाही. नळाला पाणी सोडणे हे प्रशासन. ते कोणत्या वस्तीला आधी पोहोचेल, कोणाच्या दाराशी नळ येईल आणि कोणाला टँकरच्या रांगेत उभे राहावे लागेल, हे ठरवणे हा न्यायाचा प्रश्न आहे. तो उघड्या सभेत, लोकांच्या साक्षीने सोडवावा लागतो. म्हणूनच सभागृह हवे. दुसरा धडा असा की, ठराव करणे ही कर्तव्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे. जे सभागृह ठराव करते आणि अंमलाच्या वेळी मान खाली घालते, त्याच्या हातून एक दिवस तो ठरावही निसटतो.

सार्वजनिक जीवनातील मोठ्या माणसांनी या पायरीला कधी कमी लेखले नव्हते. सरदार पटेलांचा सार्वजनिक कारभार अहमदाबाद नगरपालिकेत सुरू झाला. १९२४ ते १९२८ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. पुढे संस्थाने विलीन करणाऱ्या हातांनी आधी गटारे आणि पाणीपुरवठा यांचे हिशेब तपासले होते. आज मात्र नगरसेवकपद ही आमदारकीची शिडी समजली जाते आणि शिडीवर कोणी घर बांधत नाही.

महाराष्ट्रात २०११पासून या संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. घर सांभाळणारी स्त्री नगर अधिक नेटकेपणाने सांभाळेल, ही अपेक्षा रास्त होती आणि अनेक भगिनींनी ती खरी करून दाखवली. पण जेथे निवडून येते पत्नी आणि दालनात बसतो पती, तेथे मतदारांची फसवणूक होते आणि त्या स्त्रीचाही अपमान होतो. नव्या सदस्यांनी पहिल्या सभेपासूनच ही प्रथा मोडून काढली पाहिजे.

शेवटी प्रश्न नागरिकांचा उरतो. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक हा गुप्त दस्तऐवज नाही. माहितीचा अधिकार २००५पासून हाती आहे. प्रत्येक शहरात दहा-वीस जाणत्या माणसांनी वर्षातून एकदा ते अंदाजपत्रक मांडीवर घेऊन वाचले आणि तीनच प्रश्न विचारले, तरी पुष्कळ काम होईल. बंधनकारक कामांवर किती खर्च झाला? मोठी थकबाकी कोणाकडे आहे? मागच्या वर्षी मंजूर झालेल्या ठरावांपैकी किती प्रत्यक्षात उतरले? हे प्रश्न विचारायला पक्ष लागत नाही, पद लागत नाही, लागते ती केवळ आपल्या नगराविषयीची आत्मीयता.

पाच वर्षांनी पुन्हा गुलाल उधळला जाईल. तेव्हा कमानी मोजल्या जाव्यात की शेवटच्या वस्तीतील नळ, हे आजच ठरवायला हवे. महाडच्या तळ्यात १९२४मध्येही पाणी होते आणि वहीत ठरावही होता. त्या दोहोंमधील अंतर कापायला माणसे लागली.