ईदीचा बोर्ड आणि त्याखालचा ट्रक

ईद होऊन गेली की वर्गात मुलांच्या ईदीचा हिशेब सुरू होतो. कुणी सायकल घेतो, कुणी घड्याळ. यंदा आमच्या वर्गातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने मामू, खाला, फूफू सगळ्यांची ईदी एकत्र करून स्केटबोर्ड घेतला. महिन्याभरात तो पलंगाखाली गेला. तिच्या अम्मीची तक्रार अशी : "बोर्ड वळतच नाही, पोरगी सारखी पडते. आता तिची दादी म्हणते, मुलीच्या जातीला हा खेळ हवाच कशाला?"

आम्ही बोर्ड मागवून उलटा करून पाहिला. फळी बरी होती, चाकेही बरी. घोटाळा ट्रकमध्ये होता.

फळीखाली पुढे-मागे धातूचे जे दोन सांगाडे असतात, त्यांना ट्रक म्हणतात. फळीला चिकटते ती बेसप्लेट, चाकांचा दांडा धरतो तो हँगर, आणि दोघांना जोडणारा जाड बोल्ट म्हणजे किंगपिन. किंगपिनभोवती रबरासारखी दोन बुशिंग असतात. अंग एका बाजूला झुकवले की बुशिंग दबते, दांडा तिरपा होतो आणि बोर्ड वळतो. बुशिंग दबलेच नाही, तर बोर्ड सरळ जातो आणि मूल बाजूला पडते.

इथे नेमके हेच झाले होते. बोर्ड डुगडुगतो म्हणून अब्बूंनी पाना घेऊन किंगपिनचा नट पार आवळून टाकला होता. त्यात बुशिंग मुळातच मोठ्यांच्या वजनाचे. बुशिंगचा कडकपणा आकड्यात आणि पुढे 'ए' अक्षर लावून लिहितात. 90 ए च्या आसपासचे बुशिंग साधारण मोठ्या माणसाला ठीक. पंचवीस किलोच्या मुलीला 80 ए च्या आसपासचे मऊ हवे. नुसते बुशिंग सुटे मिळते आणि ट्रकच्या मानाने बरेच स्वस्त पडते. ईदी पुन्हा खर्च करण्याआधी हे करून पाहावे.

नवीन ट्रक घ्यायचाच असेल तर टेप घेऊन जावे. चाकांच्या दांड्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी फळीच्या रुंदीइतकी हवी. पाव इंच इकडेतिकडे चालते. दांडा फार आखूड असला तर बोर्ड कलंडतो, फार लांब असला तर पाय चाकाला अडतो. ट्रकवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. कुणी हँगरचे माप छापतो, कुणी दांड्याचे, आणि दुकानदाराला बहुधा दोन्हींतला फरक ठाऊक नसतो!

उंचीचे गणित सोपे आहे. 50 ते 53 मिलिमीटरच्या लहान चाकांना बुटका ट्रक पुरतो. चाक मोठे आणि ट्रक बुटका असला तर वळताना चाक फळीला घासते, बोर्ड जागीच थांबतो आणि स्वार पुढे फेकला जातो. शिकणाऱ्याला मधल्या उंचीचा ट्रक उत्तम. प्लास्टिकचा ट्रक मात्र खेळण्यातला समजावा. हँगर अॅल्युमिनियमचा आणि दांडा पोलादी हवा.

राहिला दादींचा प्रश्न. 2007 मध्ये काबूलमध्ये 'स्केटिस्तान' नावाचे काम सुरू झाले. तिथे मुली डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट घालून स्केटबोर्ड शिकल्या आणि सोबत लिहा-वाचायलाही. त्यांच्यावरच्या माहितीपटाला 2020 मध्ये ऑस्कर मिळाले. इकडे आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच खेळात सुवर्णपदक घेतले. दादींना हे सांगताना आवाज चढवू नये. त्यांना खरी भीती हात-पाय मोडण्याची असते, आणि ती गैर नाही. हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड आणि मनगटाचे गार्ड आधी त्यांच्यासमोर ठेवावेत.

नटाबद्दल एक राहिले. किंगपिनला 9/16 इंची पाना लागतो. मुलीला बोर्डवर उभे करून डावी-उजवीकडे झुकायला सांगावे आणि नट पाव-पाव फेरा सैल करत जावे. बोर्ड तिच्या वजनाने झुकू लागला आणि ती सरळ होताच आपोआप सरळ झाला, की थांबावे. नटाच्या वर किंगपिनचे आटे दिसत राहिले पाहिजेत. आणि हे काम अब्बूंनी एकट्याने न करता मुलीच्या हातात पाना देऊन करावे.