मुलाखतीत ऊस का लपवायचा?

आमच्या किनवट भागातली पोरं लेखी परीक्षेत मागं नाहीत. अडतं ते मुलाखतीत. माझ्या पुतण्यास एका बँकेच्या मुलाखतीत विचारले, "घरी काय काम करता?" हे म्हणालं, "काही नाही, वडिलांची शेती आहे." संपलं! वास्तविक दोन हंगाम उसाचा सगळा हिशेब याच्याच वहीत होता. तोडणीच्या तारखा, काट्याच्या पावत्या, सोसायटीची कपात. एका खेपेची पावती आमच्याच हातून गहाळ झाली, तेव्हा याने तारखा जुळवून ती खेप हुडकली अन् बिल पदरात पाडलं. बँकेला दुसरं काय हवं असतं? पण "शेतीचं काढू नको, अडाणी समजतील" असं मीच त्याला बजावलं होतं.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीस 275 गुण असतात, आणि ती मराठीतूनही देता येते. जालना जिल्ह्यातले अन्सार शेख हे रिक्षाचालकाचे चिरंजीव. 2015 च्या परीक्षेत, वयाच्या 21 व्या वर्षी ते त्यातून पार पडले. म्हणजे घरची परिस्थिती आड येत नाही. मात्र नुसतं गरिबीचं रडगाणंही गाऊ नये. दुष्काळ सगळ्यांनाच पडला. त्यात तुम्ही काय केलं, तेवढं दोन मिनिटांत सांगावं. रचून तर मुळीच सांगू नये. "एकरी किती टन पडला?" एवढं विचारलं की पितळ उघडं!

यंदा उसाची वही मी धाकट्या लेकीकडं दिली आहे. पाण्याच्या पाळ्याही तीच लिहिते.