रायफल चमकवायची की सांभाळायची?

माझ्या मामूंकडे एक जुनी रायफल आहे. पॉइंट तीनशे पंधरा बोअरची, बोल्टची, पाच काडतुसांच्या मॅगझीनची. त्यांनी ती तरुणपणी दुसऱ्याकडून रीतसर परवान्यावर विकत घेतली होती, म्हणजे आमच्या घरात आली तेव्हाच ती वापरलेली होती. आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडचं. मामूंचं वय आता चौऱ्याहत्तर. डोळ्यांनी साथ सोडली, हात थरथरतात. तेव्हा घरात विषय निघाला की रायफल आता मुलाच्या नावावर करावी.

ते कायद्यात बसतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर कायदेशीर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. अडचण कायद्याची नव्हतीच. अडचण मामेभावाच्या उत्साहाची होती.

अर्ज करण्याआधीच त्याने ठरवलं की रायफल ‘नवी’ करायची. एका रविवारी मामू दुपारच्या नमाजला बसलेले असताना त्याने ती बाहेर काढली. दस्त्याला पॉलिश पेपर मारला आणि त्यावर फर्निचरचं चकचकीत व्हार्निश दिलं. मग ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावून नळीवरचा गंज काढायला घेतला. मामू उठून बाहेर आले तेव्हा ब्रश नळीच्या बुडाशी, कोरलेल्या क्रमांकापासून दोन बोटांवर होता. मामू ओरडले म्हणून तो थांबला.

मी पोचलो तेव्हा दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मामेभाऊ मला म्हणाला, “भाईजान, मी काय वाईट केलं? स्वच्छच तर करत होतो.” मामू एवढंच म्हणाले, “मास्तर, तूच समजाव याला. माझं तर आता कोणी ऐकत नाही.”

त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं आणि नंतर स्वतः जे शिकलो, तेच इथे लिहितो आहे. कारण जुनी बंदूक वारशात आलेली घरं आपल्याकडे अजून आहेत, आणि बहुतेकांचा पहिला विचार चमकवण्याचाच असतो.

पहिली गोष्ट त्या क्रमांकाची. शस्त्रावरचा कारखान्याचा क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, घासणं, बदलणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तपासणीला नेलं आणि परवान्यावरचा क्रमांक रायफलीवर वाचता आला नाही, तर ‘साहेब, गंज काढत होतो’ हे कोण ऐकून घेणार? त्याच कायद्यात शस्त्राची दुरुस्ती आणि फेरबदल करायलाही परवाना लागतो, म्हणून दुरुस्ती ही परवानाधारक मिस्त्रीचीच कामगिरी. मालकाने पुसावं, तेल द्यावं, कोरडं ठेवावं. कानस, ड्रिल, वेल्डिंग हे घरच्या अंगणातलं काम नाही.

दुसरी गोष्ट, ही वस्तू नेमकी आहे काय ते माहीत असायला हवं. तीनशे पंधरा हा बोअर आपल्याकडे आला त्यामागे इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात फौजेची तीनशे तीनची काडतुसं सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत असं सरकारचं धोरण होतं. म्हणून शिकारी रायफलींसाठी वेगळं काडतूस आलं; त्याचं मूळ ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसात आहे. रायफलीची यंत्रणा मात्र फौजेच्याच ली-एन्फील्डची. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात अशा रायफली बनल्या. म्हणजे मामूंच्या दिवाणखान्याच्या कपाटात एका सत्तेचा अविश्वास आणि एका कारखान्याची कारागिरी, दोन्ही कुलूपबंद आहेत. त्यावरच्या खुणा घासून टाकणं म्हणजे जुन्या दस्तऐवजावरचा शिक्का खोडण्यासारखंच.

मामू रायफल परवान्यासह शहरातल्या एका परवानाधारक मिस्त्रीकडे घेऊन गेले. मीही सोबत होतो. त्या बुजुर्गांनी सगळ्यात आधी बोल्ट मागे ओढला, मॅगझीन काढलं, चेंबरमध्ये डोळ्याने पाहिलं आणि मग करंगळी घालूनही पाहिलं. आम्ही दहा वेळा सांगितलं होतं की रिकामी आहे. ते म्हणाले, “सांगणाऱ्याचं काम सांगणं, माझं काम पाहणं.” मी वर्गात बावीस वर्षं शिकवतो, पण इतका छोटा आणि पक्का धडा मला कधी देता आला नाही.

मग त्यांनी नळीत उजेड टाकून आतल्या आट्या पाहिल्या. गंजाने खड्डे पडलेत का, तोंडाची कड ठेचलेली आहे का, ते पाहिलं. कड वाकडी असेल तर नेम कितीही धरा, गोळी भरकटते. बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळतो का तेही पाहिलं, कारण एकाचा बोल्ट दुसऱ्यात घातला की आतलं माप बदलतं. ते माप तपासायला पोलादाचे छोटे गेज असतात. एक असा की त्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, आणि दुसरा असा की त्यावर बंद होता कामा नये. मामूंच्या रायफलीचा बोल्ट दुसऱ्यावरही सहज बंद झाला. म्हणजे काडतुसामागे हवी त्यापेक्षा जास्त फट. गोळी झाडताना काडतुसाची पितळी नळी मागे फाटू शकते, आणि त्या वेळी झाडणाऱ्याचा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो.

व्हार्निशखाली दुसरा दोष लपला होता. नळीखालच्या लाकडाला मागच्या बाजूला बारीक चीर गेली होती. या घराण्याच्या रायफलीत दस्ता आणि पुढचं लाकूड वेगवेगळे असतात. दस्ता एका लांब बोल्टाने आवळलेला असतो, आणि जुन्या बनावटीत त्या बोल्टाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड आधी न काढता दस्त्याचा बोल्ट फिरवला की ते लाकूड फाटतं. मामेभावाने नेमकं हेच केलं होतं. चीर दिसली तेव्हा तिच्यावरून व्हार्निशचा हात फिरवला.

म्हणजे त्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे एक अशी रायफल होती जी आधीपेक्षा सुंदर होती आणि आधीपेक्षा धोकादायक. मला आमच्या शाळांची आठवण झाली. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना रंग, फळ्यावर सुविचार, आणि चौथीतल्या मुलाला दोन ओळी वाचता येत नाहीत.

मिस्त्रींनी बोल्टचं डोकं बदलून माप बसवलं, चीर भरून घेतली. लाकडाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं साधं होतं. व्हार्निश उतरवा, पण पॉलिश पेपर कमीत कमी. पेपरने लाकूड झिजतं, धातूला नीट चिकटत नाही आणि ठसे जातात. जिथे ठोका बसून खळगा पडला आहे तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा; वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात चोळून जिरवायचा आणि वाळू द्यायचा. घाई केली तर चिकट थर बसतो. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गठ्ठ्यातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवायची.

नळीवरचा निळा-काळा थर हाही गंजाचाच सख्खा भाऊ, फक्त शिस्तीत बसवलेला. तो एकट्याने लोखंड वाचवत नाही, वरून तेलाचा हात लागतोच. जिथे तो उडाला आहे तिथे तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने गंज काढून थांबावं, असं ते म्हणाले. बाजारातल्या बाटलीने केलेलं थंड निळं रंगकाम दिसायला बरं, टिकायला कच्चं.

आता खरा प्रश्न. हे सगळं कशासाठी? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली, आणि संपली ते बरंच झालं. पिकात रानडुक्कर शिरलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. मी मामेभावाला सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात मित्राची वरात आहे. फोटो काढायचे होते.”

माझा राग तिथे आहे. वरातीतल्या बारावर 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. पण कायदा नसता तरी हवेत गेलेली गोळी कुठे तरी खाली येतेच. आणि आपण मान्य करू या की मुसलमानाच्या घरातल्या बंदुकीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. ही नजर अन्यायाची आहे, हे मी म्हणेन. पण त्या नजरेला उत्तर बंदूक खांद्यावर टाकून काढलेल्या फोटोने देता येत नाही. ते नीट ठेवलेल्या कागदांनी, बंद कपाटाने आणि वेगळ्या ठेवलेल्या काडतुसांनी देता येतं.

काही मित्र म्हणतात, ठेवताच कशाला, देऊन टाका. हे मत मला चुकीचं वाटत नाही. ज्या घरात ती सांभाळणारा नाही, तिथे ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करण्यात कमीपणा नाही. माझा आग्रह एवढाच की ठेवायची तर अमानत म्हणून ठेवा. अमानत चमकवून दाखवायची नसते, जशीच्या तशी पुढच्याच्या हाती द्यायची असते.

मामूंनी अर्ज अजून केलेला नाही. मुलाला त्यांनी एक अट घातली आहे: वर्षभर दर महिन्याला माझ्यासमोर रायफल खोल, पूस, तेल दे, आणि प्रत्येक वेळी ती रिकामी आहे हे मला विचारू नकोस, स्वतः पाहा. आतापर्यंत चार महिने झाले. वरातीला तो गेला होता, रिकाम्या हातांनी.